अर्धलीची कोंबडी

सुंदराकाकी आमच्या कॉलनीत राहायला आल्या त्या दहा पायांनी. दोन त्यांचे स्वतःचे, बाकीचे तीन कोंबड्या आणि एक कोंबडा यांचे.

टेम्पो थांबला, मागचं फळकं पडलं आणि सगळ्यात आधी खाली उतरलं ते बांबूचं मोठं डालगं, वरून जुन्या लुगड्यानं बांधलेलं. आत जो काही कालवा चालला होता तो ऐकून आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. त्यातली एक माझी होती. मग उतरली हिरवी पत्र्याची पेटी, लष्करी माणसांकडे असते तसली, पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव निम्मं खरवडलेली. आणि शेवटी, ड्रायव्हरनं पुढे केलेला हात झिडकारून, स्वतः काकी. मी खिडकीतूनच म्हटलं, "आता झालं!"

मी तेव्हा सांगलीतल्या एका शाळेत गणित शिकवत होते. दिवसभर वर्गातला कलकलाट ऐकून घरी आलं की मला ताटावर वाटी आपटलेलीसुद्धा खपायची नाही. आमचे हे म्हणायचे, तुला शेजार हवा तो फक्त भिंतींचा. त्यात आता भिंतीपलीकडे कोंबडा आला होता.

काकी वडूजकडच्या एका गावच्या. नवरा फौजेत, सुभेदार होऊन घरी आला आणि काही वर्षांनी वारला. मुलगा राजेंद्र कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. सकाळी दुचाकीवरून जायचा, संध्याकाळी यायचा आणि मधल्या काळात फारसं बोलायचा नाही. त्याच्या वाटचं सगळं बोलणं त्याची बायको सविता बोलायची. ती घरी शिवणकाम करायची आणि मशीन चालू असतानाही गप्पा मारू शकायची. गावाकडे काकी एकट्याच राहिल्या होत्या. एकदा आडाजवळ पाय घसरून पडल्या, तेव्हा राजेंद्रनं त्यांना इकडे आणायचा हट्ट धरला. काकींनी अट घातली, कोंबड्या येणार असतील तर मी येते. राजेंद्रला वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

उंच, काटक, नऊवारी लुगडं, आणि थंडी पडली की त्यावर नवऱ्याचा जुना हिरवा फौजी स्वेटर, बाह्या दुमडलेला. चालताना मान जरा पुढे जायची. कोंबड्या पाळून पाळून बाईची चालही तशी झाली, असं आमच्या ह्यांचं मत होतं. काकींनी कोंबड्यांची नावं रंगावरून ठेवली होती: राखी, तांबडी, आणि अंगावर ठिपके असलेली ती कवडी. कोंबड्याचं नाव मात्र फौजी. असं नाव का, म्हणून मी एकदा विचारलं.

"लय वरडतो, छाती काढून फिरतो, आन घरात काडीचं काम करत न्हाई. दुसरं काय नाव ठिवू?" असं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या सुभेदारांच्या फोटोकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

माझं त्यांच्याशी पहिलं बोलणं झालं ते भांडणाचं. आमच्या गल्लीत नुकतेच नवे पांढरेशुभ्र दिवे लागले होते आणि त्यातल्या एकाचा उजेड नेमका काकींच्या परसावर पडायचा. त्या उजेडात फौजीला दिवस कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो हेच कळेना. वेळी-अवेळी, मनात येईल तेव्हा तो आरवायचा. आठवडाभर सोसलं आणि मग मी फणकारत गेले. काकी परसात उकिडव्या बसून कोथिंबिरीच्या काड्या बारीक करत होत्या. कोंबड्यांसाठी.

"काकी, तुमच्या कोंबड्यामुळे झोप नाही हो आम्हाला."

"मला तरी कुठं हाय?" त्या म्हणाल्या. "त्येची चूक न्हाई बाई. तुमच्या गावात रातच हुईत न्हाई, त्यो तरी काय करंल?"

मी आल्या पावली परतले. त्याच दिवशी त्यांनी फौजीवर डालगं पालथं घातलं आणि वरून गोणपाट टाकलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण शाळेत शिकतो. त्या म्हणीतलं कोंबडं निदान गप्प तरी बसतं. आमचं झाकलेलं कोंबडं आतूनही आरवत होतं, फक्त आता आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. शेवटी काकींनी राजेंद्रला सुट्टीच्या दिवशी कामाला लावलं आणि खुराडं पाण्याच्या टाकीमागे, दिव्याच्या आडोशाला हलवलं. पुढे कितीतरी दिवस मी शाळेला निघाले की त्या कुंपणाशी येऊन विचारायच्या, "आज लागली का डोळ्याला डोळा?" अशा बाईवर रागावून राहणं मला जमलं नाही. कोंबड्याची तर मला पुढे इतकी सवय झाली, की सुट्टीत कुठे बाहेरगावी गेलं तर जाग यायची नाही.

शहरात आल्यावर कोंबड्यांनी काकींनाही कमी चकित केलं नाही. गावाकडे त्या किडामुंगी खायच्या, इथे थर्माकोलवर तुटून पडायच्या. गणपती झाले की कुणाच्या तरी दारात मखराचे तुकडे पडलेले असायचे आणि तिघी तिथे हजर. काकी काठी घेऊन मागे धावायच्या. "शेरात आल्याव कोंबडीला बी येगळी चव लागाय लागली," म्हणायच्या. हळूहळू बायका कलिंगडाची सालं, निवडलेल्या तांदळातली कणी, पालेभाजीचे देठ आणून द्यायला लागल्या. आणि द्यायला आल्या की घटकाभर टेकायच्या.

पण खरी गंमत अण्णांची. अण्णा म्हणजे आमच्या पलीकडच्या बंगल्यातले चौगुले. कट्टर जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, कांदासुद्धा वर्ज्य. काकींच्या कोंबड्या बघून सगळ्यात आधी हेच भडकणार, असं सगळ्या कॉलनीनं धरून ठेवलं होतं. अण्णा रोज सकाळी व्हरांड्यासमोर चिमण्या-पारव्यांना ज्वारी टाकायचे. काकी आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिथे राखी, तांबडी आणि कवडी दाखल झाल्या. अण्णा बघत राहिले आणि त्यांनी आणखी एक मूठ टाकली. "दाणा टाकायचा, कोण आलं ते बघायचं न्हाई," एवढंच म्हणाले.

पुढे तांबडीनं तर कहर केला. तिला अंडं घालायला अण्णांच्या झोपाळ्यावरची गादीच आवडली. दोन उशांच्या मध्ये बसायची, काम झालं की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत उतरायची. आता अंड्याला हात कसा लावणार? आणि 'अंडं' हा शब्द तरी कसा उच्चारणार? मग अण्णा कुंपणाशी यायचे आणि अतिशय गंभीरपणे हाक मारायचे, "काकी, तुमची वस्तू आलीया."

काकी तितक्याच गंभीरपणे जायच्या, वस्तू पदराखाली घ्यायच्या आणि यायच्या. एकदा काकींना ताप होता, सविता बाजारात गेलेली. अण्णांनी दोन-तीनदा हाका मारल्या, कुणी आलं नाही. मी शाळेतून परतले तेव्हा बघते तर अण्णा झोपाळ्यासमोर खुर्ची टाकून बसलेले, हातात मिटलेली छत्री. वर कावळा घिरट्या घालत होता.

"अण्णा, हे काय?"

"राखण," ते म्हणाले. "दुसऱ्याची वस्तू हाय."

काकींच्या घरात मी पुढे पुष्कळदा गेले. मला एक गोष्ट पहिल्यापासून खटकायची. ती हिरवी पेटी. बाहेरच्या खोलीत, दाराच्या अगदी आतल्या बाजूला, आल्या दिवशी ठेवली तिथेच ती होती. काकी सकाळी त्यातून लुगडं काढायच्या, संध्याकाळी वाळलेलं घडी करून परत त्यातच ठेवायच्या आणि कडी लावायच्या. फणी, कुंकवाऐवजी लावायच्या बुक्क्याची डबी, सुभेदारांचं घड्याळ, सगळं त्या पेटीत. जणू गाडी आली आणि कुणी हाक मारली तर पेटी उचलून निघता यावं.

याचा त्रास सविताला जितका व्हायचा तितका कुणालाच नाही. सासूला ती आत्ती म्हणायची. एक दिवस माझ्या ब्लाऊजचं माप घेताघेता ती थांबली. "मॅडम, आत्ती आल्या तवा मी कपाटातला मधला कप्पा रिकामा करून दिला. चांगला, हाताला येईल असा. आजवर त्यात एक पोलकं ठेवलं न्हाई त्यांनी. रोज कपाट उघडलं की त्यो रिकामा कप्पा माझ्याकडं बघत बसतोय."

मी काकींना एकदा सहज म्हणून छेडलं होतं. त्या दाणे निवडत होत्या. "काय हाय बाई," त्या म्हणाल्या, "रान मालकाचं, म्हसरं घराची, घर आता पोराचं. बाईच्या म्हणाव्या त्या कोंबड्या. त्या हायत्या तवर मी हितं हाय. त्या गेल्या की माझं काय काम? पोराकडं पावणी म्हणून किती दिस ऱ्हायाचं?" तक्रार म्हणून नव्हे, हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. सविताचं नाव त्यात कुठे नव्हतं, आणि तेच मला वाईट वाटलं.

कोंबड्या जायची वेळ आणली ती एका धामणीनं.

आषाढातली ओलसर दुपार होती. सविताची किंकाळी ऐकून मी धावले. खुराड्यात हातभर नव्हे, चांगली पुरुषभर लांब धामण शिरली होती आणि तिच्या जबड्यात अंडं. पाठोपाठ डिसलेसाहेब आले. हे आमच्या कॉलनीचे सचिव, रिटायर झालेले अधिकारी, इस्त्रीच्या लुंगीतले. हातात काठी, पण उभे रस्त्यावर. काकी मात्र धामणीसमोर पाच-सहा पावलांवर बसलेल्या, हात जोडून. त्यांचं माहेर शिराळ्याकडचं. नागपंचमीला साप बघत वाढलेली बाई.

"काठी नगा मारू सायेब. माझं माहेरचं माणूस आलंय."

"अहो काकी, साप आहे तो!"

"साप न्हवं, धामीण हाय. भुकेली हाय. एक अंडं खाऊ द्या, जातीया आपली आपण."

आणि खरंच गेली. अंडं गिळलं, थोडी रेंगाळली, टाकीमागच्या भोकातून बाहेर पडली. काकींनी उठून लुगडं झटकलं. पण कॉलनीत तोवर बातमी पसरली होती, आणि प्रत्येक घराला धामण हातभर वाढत गेली. संध्याकाळपर्यंत ती नागीण झाली होती.

दोन दिवसांनी मारुतीच्या देवळापुढच्या शेडमध्ये बैठक बसली. डिसलेसाहेब उभे राहून बोलले. "व्यक्तिशः माझा काकींवर राग नाही. परंतु ही निवासी वसाहत आहे. आज धामण आली, उद्या नाग येईल."

"नागाला यायचं आसलं तर कोंबडी नसली तरी येतोय," काकी मागून म्हणाल्या. "त्येला कुठं सचिवाची परवानगी लागतीया?"

हशा पिकला आणि डिसलेसाहेबांचे कान लाल झाले. त्या हशानं काकींचं नुकसानच झालं. अण्णा उठले. "मी काय म्हणतो, एवढी माणसं राहत्यात, त्यात चार जीव राहिले तर काय बिघडतंय?" कुणीतरी म्हणालं, "अण्णा, तुम्ही तर अंडंही खात नाही." अण्णा म्हणाले, "म्हणूनच मला बोलता येतंय. बाकीच्यांच्या डोळ्यांत आषाढ दिसतोय मला."

ते खोटं नव्हतं. श्रावण तोंडावर आला होता, आणि श्रावणाच्या आत कोंबडीकडे बघताना माणसाची नजर कशी होते ते काही सांगायला नको. एक गृहस्थ तर लगेच पुढे सरसावले, "काकी, मी नेतो की. माझ्या मेव्हण्याचं रान हाय, तितं सोडतो." त्यांच्या मेव्हण्याचं रान कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या घरातलं मोठं पातेलं मात्र सगळ्यांनी बघितलेलं होतं.

हात वर झाले. अण्णांच्या बाजूनं आम्ही मोजकेच. ठराव झाला, की श्रावण लागायच्या आत काकींच्या कोंबड्या कॉलनीतून हलवाव्यात.

"बरं," काकी उठल्या. "कोंबड्या हलतील. त्यांच्या मागनं मी बी."

त्या संध्याकाळी सविता माझ्याकडे आली ती पदरानं डोळे पुसत. पेटी नेहमीच बांधलेली असायची, पण तिला कधी कुलूप नव्हतं. आज काकींनी कुलूप घातलं होतं. राजेंद्रला सांगितलं होतं, रविवारी गाडी बघ. राजेंद्र न जेवताच उठला होता. "मी काय कमी केलं हो मॅडम?" सविता म्हणाली. "लोक सासूला घालवायच्या मागं असत्यात. मला हवीया तर ती ऱ्हाईना."

मी चहा केला.

सकाळी दारात काकी उभ्या. काखेत डालगं. "बाई, जरा माझ्यासंगं चला. शिकल्यालं माणूस बरूबर असलं की लोक दार उघडत्यात."

आम्ही गेलो ते थेट डिसलेसाहेबांकडे. साहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते. काकींना बघून ते सावध झाले. काकींनी डालग्यातून राखी काढली.

"सायेब, ठरल्यापरमानं कोंबड्या हलवाय लागलीया. ही राखी. वैनींस्नी अर्धलीनं देतीया."

आता अर्धल म्हणजे काय ते खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. जनावर एकाचं, सांभाळायचं दुसऱ्यानं, जी वीण होईल ती दोघांत निम्मी-निम्मी. शेळी देतात, म्हैस देतात, तशी कोंबडीही देतात. आणि त्यातली मुख्य गोष्ट अशी, की अर्धलीचं जनावर एकट्याच्या मर्जीनं विकता येत नाही आणि कापताही येत नाही. काकींचा सगळा बेत माझ्या आत्ता लक्षात आला. त्या जाणार होत्याच, पण जायच्या आधी कोंबड्यांच्या मानेवरची सुरी त्यांना काढून ठेवायची होती. वाटेत मी विचारलं होतं, डिसल्यांकडेच का? तर म्हणाल्या होत्या, "जो नगं म्हणतोय, त्योच नीट सांभाळतोय. हौसेनं नेणारा चार दिस पाळतोय आन पाचव्या दिशी खातोय."

"अहो पण, काल ठराव..." डिसलेसाहेब उभे राहिले.

तेवढ्यात आतून वहिनी आल्या. डिसलेवहिनी म्हणजे साडी, बांगड्या, पर्स सगळं एका रंगात असणाऱ्या बाई. बोलणं असं तुपातलं, की त्या पुण्यात वाढल्या असाव्यात अशी आमची समजूत. त्यांनी काकींच्या हातातून राखी घेतली. मी बघतच राहिले. डावा हात पोटाखाली, दोन्ही पाय बोटांच्या बेचक्यात, कोंबडी काखेत, आणि उजव्या हाताचं बोट सहज शेपटीखाली गेलं. चाचपलं.

"उद्या देती ही," वहिनी म्हणाल्या.

डिसलेसाहेबांनी चष्मा काढला. "तुला हे कधीपासून येतं?"

"लग्नाच्या आदीपासनं," वहिनींचं पुणं एका क्षणात आटपाडीच्या माहेरी येऊन पोचलं होतं. "आमच्या दारात कायम असायच्या. तुमी कवा इचारलं न्हाई, मी कवा सांगितलं न्हाई." आणि त्या राखीला घेऊन तशाच आत गेल्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी आकाशाकडे.

तांबडी माझ्या वाट्याला आली. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. "तुमाला कळायचं काय कारण न्हाई," काकी म्हणाल्या. "तिला अण्णांच्या झोपाळ्याव जायला तुमचं घर जवळ पडतंय." म्हणजे निवड माझी नव्हती, झोपाळ्याची होती.

आम्ही परत त्यांच्या घरी आलो. सविता मशीनवर बसली होती. रविवार जवळ आला होता आणि ती आदल्या रात्री न झोपल्याचं तोंडावर दिसत होतं. डालग्यात आता कवडी एकटीच राहिली होती. फौजी परसात.

"आन फौजी कुणाला?" सवितानं मशीन न थांबवता विचारलं.

"त्यो माझ्यासंगं येणार. नराला अर्धल नसती."

"बरं. मग पिल्लं कुठनं व्हायची? कोंबड्या सांगलीत आन कोंबडा वडूजला!"

मला हसू फुटलं. काकी मात्र हसल्या नाहीत. त्या मटकन पेटीवरच बसल्या. सगळी हयात कोंबड्यांत गेली, आणि एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानातून सुटली होती. "आगं बया," त्या म्हणाल्या. "अर्धल दिली आन विणीचा मारगच बंद केला. मानसं म्हणतील म्हातारीनं फशीवलं."

"म्हणणारच की."

"मग त्येला ठिवून जाती."

"मी न्हाई सांभाळणार," सविता म्हणाली. "आन कवडी?"

"बगती कुणाला तरी."

"मला द्या अर्धलीनं."

"तुला?" काकी खरोखरच चकित झाल्या. "खुळी का काय तू? तू घरातली हाईस. घरात कुठं अर्धल असती व्हय गं?"

मशीन थांबलं.

"मग तुमी कुठल्या, आत्ती?" सविता म्हणाली. "मी घरातली, तर तुमी काय पावण्या? घरातल्या माणसाची पेटी कवा दारात बांधून ठिवत्यात व्हय?"

काकी पेटीवर बसल्या होत्या, आणि आपण कशावर बसलो आहोत हे कळल्यासारख्या उठून उभ्या राहिल्या. मग ओच्यात दाणे घेतले आणि परसात गेल्या. फौजीला बोलावताना घशातून जो आवाज काढायच्या तो ऐकू आला, पण नेहमीपेक्षा हळू. मीही निघाले. अशा वेळी शेजाऱ्यानं निघावं.

रविवार आला आणि गेला. गाडी काही आली नाही. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. पुढच्या बैठकीत त्या मेव्हणेवाल्या गृहस्थांनी ठरावाचं काय झालं म्हणून विषय काढला, तेव्हा डिसलेसाहेब उभे राहिले. "ठराव काकींच्या कोंबड्यांबद्दल होता," ते म्हणाले. "त्या आता एकट्या काकींच्या राहिलेल्या नाहीत." आणि बसले. त्यांच्या परसात तोवर उतरत्या छपराचं, बारीक जाळीचं, धामणीचं शेपूटही शिरणार नाही असं खुराडं उभं राहिलं होतं. वहिनींना संध्याकाळी भेटायला जावं तर त्या ओट्यावर पाय पसरून बसलेल्या असायच्या, केसाला कोंबड्यांच्या खाण्यातला कोंडा लागलेला, आणि बांगड्या कुठल्याही रंगाच्या.

राखी खुडूक झाली, अंड्यांवर बसली, पिल्लं निघाली. पिल्लं जरा मोठी झाल्यावर वाटणीला काकी स्वतः गेल्या. एक तुमचं, एक माझं, असं करत शेवटी एक पिल्लू उरलं. मी गणिताची बाई, म्हटलं आता बघू निम्मं कसं करतात. काकींनी ते उचलून वहिनींच्या ओटीत टाकलं.

"जादाचं सांभाळणाऱ्याचं," त्या म्हणाल्या. "अर्धल म्हंजी बरूब्बर अर्धं न्हवं बाई."

मला हे गणित पटायला वेळ लागला, पण पटलं.

मी निवृत्त झाले आणि आम्ही सातारला, ह्यांच्या वडिलांच्या घरी राहायला जायचं ठरवलं. तांबडी मी काकींना विचारून डिसलेवहिनींकडे सोपवली. झोपाळा तिला लांब पडणार होता, पण अण्णांनी सांगितलं, तिला वाट माहीत आहे. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढत असताना मी काकींचा निरोप घ्यायला गेले. दारातून आत पाऊल टाकताना सवयीनं पाय बाजूला घेतला, आणि लक्षात आलं, की तिथे पेटी नाही.

सवितानं ओठावर बोट ठेवून मला आतल्या खोलीकडे नेलं. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. मधल्या कप्प्यात लुगड्यांच्या घड्या, त्यावर फणी, बुक्क्याची डबी, सुभेदारांचं घड्याळ. खाली भिंतीशी ती हिरवी पेटी, झाकण बिजागरीतून काढून टाकलेली. आत भुसा पसरलेला, भुश्यावर तो फौजी स्वेटर, आणि स्वेटरवर पिसं फुलवून कवडी बसलेली. काकी शेजारी फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या, कान पेटीला लावून.

मी काही बोलणार तोच त्यांनी हातानं गप्प केलं. माझा हात धरून खाली बसवलं. कवडीच्या पोटाखालून, अगदी बारीक, टोचा मारल्याचा आवाज येत होता. जरा थांबून परत.

"निघाय लागल्यात," त्या कुजबुजल्या. मग माझ्या हातावर दोनदा थोपटलं. "सातारला पोचल्याव फोन करा. मला आता उठता यायचं न्हाई, बाई. ही बावरती."

मी वाकून नमस्कार केला. त्यांचं लक्ष पेटीत होतं. टेम्पो सुरू झाला तेव्हा अण्णा कुंपणाशी उभे होते, डिसलेवहिनी हात हलवत होत्या, सविता गाडीपर्यंत आली. मी एकदा काकींच्या दाराकडे बघितलं. ते सविताच्या ध्यानात आलं.

"राग मानू नका मॅडम," ती म्हणाली. "आत्तींना आता कुठंच जाता येत न्हाई."

सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.